किल्ल्यांची फळी

मी भित्रा माणूस आहे. हे सांगायला मला लाज वाटत नाही, कारण मला पगारच भिण्याचा मिळतो. अंबरनाथच्या एमआयडीसीत रसायनांच्या एका कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. बाकीच्यांना जिथे शिडी दिसते, तिथे मला शिडीवरून पडलेला माणूस दिसतो. ही सवय संध्याकाळी कार्ड पंच करून गेटवर ठेवून येता येत नाही. गॅसचा रेग्युलेटर मी झोपताना बंद करतो आणि मग तो खरंच बंद केला का, हे बघायला उठतो. माझी बायको मीनल सगळ्यांना सांगते, की लग्नात अंतरपाट धरणाऱ्यांनाही मी "मागे होम आहे, जपून" असं बजावलं होतं. होम तेव्हा पेटायचा होता. पण सांगायचं ते आधीच सांगायचं असतं.

आम्ही राहतो बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत. गॅलरीतून नदी दिसते, असं सांगून बिल्डरने आम्हाला फ्लॅट विकला. माणूस खोटं बोलला नाही. एखाद्या वर्षी तर गॅलरीतही जावं लागत नाही, नदी जिन्यातूनच दिसते.

त्यामुळे आमच्या सोसायटीत एक फळी आहे. वॉचमनच्या केबिनमध्ये भिंतीला ठोकलेली साधी लाकडी फळी, तिला खिळे आणि प्रत्येक खिळ्याखाली फ्लॅटचा नंबर. जून लागला की प्रत्येकाने आपल्या दुचाकीची दुसरी किल्ली तिथे टांगायची. पाण्याला आमच्या ऑफिसच्या वेळा पाठ असाव्यात. ते चढतं नेमकं नोकरदार मंडळी कल्याणच्या पलीकडे अडकलेली असताना. मग घरात जो असेल त्याने फळीवरच्या किल्ल्या घ्यायच्या आणि खालच्या सगळ्या गाड्या उड्डाणपुलाच्या चढावर नेऊन लावायच्या. कुणाची गाडी कुणी नेली, हे विचारायचं नाही. या फळीचा आम्हाला फार अभिमान. शेजारच्या सोसायटीत पुरानंतर मेकॅनिकची रांग लागते, आमच्याकडे चहा होतो.

"घरात जो असेल तो" हा जो नेमका कोण, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. एवढा भित्रा माणूस, पण भ्यायचं तिथे भ्यालो नाही.

मेमधल्या मीटिंगमध्ये मला सेक्रेटरी केलं. "सेफ्टीवाला माणूस पाहिजेच," असं म्हणून आमचे चेअरमन दिनानाथकाका टाळ्या वाजवायला लागले. दिनानाथकाका सत्तरीचे, बँकेतून निवृत्त. मुलगा पुण्याला, त्याची मोटारसायकल इथे आणि काका तिचे ट्रस्टी. टाळ्या थांबल्यावर ते म्हणाले, "आणि वैद्यसाहेब, पुराची काळजीच नको. तुमची ऋता आहे ना! गेल्या वर्षी निम्म्या गाड्या तर तिनेच काढल्या. बुलेटसुद्धा! काय हात बसलाय पोरीचा!"

पुन्हा टाळ्या. ऋता माझी मुलगी. दहावीत आहे. गेल्या वर्षी नववीत होती.

माझ्या डोळ्यासमोर बुलेट आली, बुलेटखाली ऋता आली, आणि त्याच वेळी माझा जेवणाचा डबाही आला. गेल्या पावसाळ्यानंतर ऋताने घरी स्टीलचा एक छान डबा आणला होता, त्यावर नाव घातलेलं: "पूरमित्र चि. ऋता वैद्य हिस सप्रेम भेट." मला वाटलं, पूरग्रस्तांना खिचडी वाटली असेल. कौतुकाने मी तो डबा रोज ऑफिसला नेत होतो. हेल्मेट सक्तीवर कामगारांना भाषण देऊन झालं की इतके महिने मी ज्यात जेवत होतो, तो डबा माझ्या मुलीला विनापरवाना गाड्या चालवल्याबद्दल मिळालेला होता.

घरी येऊन मी कायदा वाचला. वाचायला नको होता. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालक आणि गाडीचा मालक दोषी. तीन वर्षांपर्यंत तुरुंग, वर दंड, गाडीची नोंदणी रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. मी मीनलला मोठ्याने वाचून दाखवलं.

"तुरुंगात घरचा डबा चालतो का बघा," ती कणीक मळता मळता म्हणाली. "तोच देईन."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही झोपला असता का?"

ऋताला बोलावलं. ती आली, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "बाबा, चिल. गल्लीतून पुलापर्यंत तर जायचंय. दोन मिनिटं पण नाय लागत. आणि कोण थांबवणार, पोलीसकाका स्वतः हात दाखवतात, चलो चलो करके."

"माणूस दोन मिनिटांतच पडतो," मी म्हणालो. "पडायला अर्धा तास कुणालाच लागत नाही."

हे वाक्य मी कारखान्यात पोस्टरवर छापलेलं आहे. तिथे त्याचा परिणाम होतो की नाही माहीत नाही. इथे मात्र ऋता खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. मी खरंच भ्यालोय, हे बहुधा तिला कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी मी फळीचा ताबा घेतला. सोसायटीतली अठराच्या आतली सगळी मंडळी केबिनसमोर उभी केली आणि हात पुढे करून प्रतिज्ञा घ्यायला लावली: लायसन्स मिळेपर्यंत मी कोणत्याही गाडीचं इंजिन चालू करणार नाही, कुणीही सांगितलं तरी. "कुणीही सांगितलं तरी" हे शब्द मी मुद्दाम घातले, दिनानाथकाकांकडे बघून. ऋताने ते सगळ्यांत खणखणीत आवाजात म्हटले. शिवाय मी तिला एक हेल्मेट घेऊन दिलं. गाडी चालवायची नाही तर हेल्मेट कशाला, असं मीनलने विचारलं. मी म्हटलं, डोकं तर आहे ना.

आता प्रश्न उरला, गाड्या हलवणार कोण. दिवसा घरी असणारी मोठी माणसं म्हणजे दिनानाथकाका, मीनल, आणि तळमजल्यावरच्या गोजरबाई. काकांनी आयुष्यभर सायकल चालवली होती. मीनलने ती पण सोडून दिली होती. गोजरबाई मूळच्या इथल्याच गावातल्या, त्यांच्या शेतावरच आमची बिल्डिंग उभी. बुलेट त्यांच्या मुलाची. त्या म्हणाल्या, "मना नाय जमाचा रं बाबा ता. पानी आला क मी माळ्यावं चरतंय. गारीला चरता येत नाय त्याला मी काय करू?" म्हणजे पाणी आलं की बाई माळ्यावर चढणार, गाडी खालीच.

राहिले दोघं. त्यांना शिकवायचं आणि लायसन्स काढायचं, असा मी ठराव मांडला आणि मीच मंजूर केला. मग सल्ले सुरू झाले. एक जण म्हणाला, स्वतः आरटीओत जा, एजंट लुटतात. दुसरा म्हणाला, स्वतः गेलात तर पुढच्या पावसाळ्यात लायसन्स मिळेल. तिसऱ्याने उल्हासनगर कॅम्प चारमधल्या हरेशचं नाव दिलं. त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या बोर्डावर "लेडीज व सीनियर स्पेशल" असं लिहिलेलं होतं.

हरेश शिलाई मशीनच्या वर्कशॉपच्या वरच्या माळ्यावर बसतो. त्याने आमच्या तिघांकडे पाहिलं आणि बिस्किटांचा पुडा पुढे केला. "साईं, टेन्शन घेऊ नको. लर्निंग तर घरबसल्या होतं आता, ऑनलाइन. चाळीसच्या वर डॉक्टरचा सर्टिफिकेट लागेल, तो पण बसतो खाली. और कोई है? बेटी वगैरह?"

"मुलगी पंधरा वर्षांची आहे," मी कडक आवाजात म्हणालो.

"मग नाय," तो खिन्न होऊन म्हणाला. "वय सोडून सगळं होतं आपल्याकडे."

परीक्षा घरबसल्या झाली खरी. कॉम्प्युटरचा कॅमेरा चेहऱ्यावर लावून बसायचं आणि प्रश्नांची उत्तरं द्यायची. काकांच्या मागे त्यांची बायको "साखर घालू का?" विचारायला आली. कॅमेऱ्याला दोन चेहरे दिसले, परीक्षा रद्द. दुसऱ्यांदा काकांनी प्रत्येक चिन्ह चष्मा काढून, खाली वाकून पाहिलं. कॅमेऱ्याला एकही चेहरा दिसला नाही, परीक्षा रद्द. तिसऱ्यांदा आम्ही काकूंना अंबरनाथच्या शिवमंदिरात दर्शनाला पाठवलं आणि काका पास झाले. ते आजही शंकराचीच कृपा मानतात. मीनल पहिल्याच वेळी पास झाली, आणि मला ज्या एका चिन्हाचा अर्थ सांगता आला नाही तो तिने चारचौघांत समजावून सांगितला. मी ते हसण्यावारी नेलं, पण मला लागलं.

शिकवणी नदीकडच्या मोकळ्या मैदानात झाली. हरेश पुढे, शिकणारा मागे, मग शिकणारा पुढे, हरेश मागे, मग हरेश जमिनीवर. मीनल हळूहळू बरी चालवू लागली. फक्त थांबायचं असलं की ब्रेकऐवजी "अगं बाई" म्हणायची. काका ब्रेक लावायचे, पण सगळे एकदम.

तरी दोघांकडे लर्निंग लायसन्स होतं, म्हणून मला हायसं वाटलं. मी हरेशला पेढे दिले. पेढा तोंडात टाकत तो म्हणाला, "बस साईं, पक्का लायसन्स येईपर्यंत एकटं नाय चालवायचं हां. मागे लायसन्सवाला बसला पाहिजे. रूल आहे."

"लायसन्सवाला म्हणजे?"

"म्हणजे तू."

मी त्या रात्री झोपलो नाही. म्हणजे पूर आला की सोसायटीतली प्रत्येक गाडी पुलावर जाताना तिच्या मागे मी बसलेला असणार. पुढे आळीपाळीने मीनल आणि दिनानाथकाका.

आणि तो दिवस आला. जुलैतला बुधवार. सकाळपासून धो धो कोसळत होतं. अंबरनाथचा रस्ता तुंबला म्हणून मी अर्ध्या वाटेतून परत आलो, आणि मला एकच समाधान होतं, की मी घरी आहे. अकराच्या सुमाराला नदीकाठच्या चौपाटीच्या पायऱ्या बुडाल्याचा फोटो ग्रुपवर पडला. मग "बारवी सोडली", म्हणजे धरणाचे दरवाजे उघडले, असा मेसेज आला, मग "सोडली नाही" असा, मग "सोडली नाही पण तयारीत राहा" असा. गटारातून पाणी उलटं यायला लागलं.

मी शिट्टी वाजवली. पोरं आली, सगळी हेल्मेट घालून. ही ऋताची ऑर्डर होती. इंजिन चालू न करता हलक्या स्कूटर ढकलत न्यायच्या, अशी मी युक्ती काढली होती. ढकलण्याला कायदा "गाडी चालवणं" म्हणत नाही. चढावर एकेका स्कूटरला चौघं चौघं लागली, पण पोरं खिदळत ढकलत होती. जड गाड्या आम्ही घेतल्या.

पहिल्या फेरीला पुढे मीनल, मागे मी. पाणी घोट्याएवढं होतं. मी डोळे मिटून घेतले आणि "डावीकडे घे, खड्डा, हळू, हळू" असं बोलत राहिलो. पुलावर पोचल्यावर ती म्हणाली, "तुम्ही डोळे मिटून मला खड्डे सांगत होता?" मी चालत खाली आलो. मग काकांबरोबर. काकांनी चढ सुरू होताना एकदम दोन्ही ब्रेक लावले, मी त्यांच्या पाठीवर आपटलो, माझा गुडघा सायलेन्सरला लागला. "सॉरी वैद्यसाहेब, समोर बेडूक होता." पुन्हा लंगडत खाली. पुन्हा मीनल. पुन्हा काका. बुलेट कुणालाच झेपेना, ती मी एकट्याने नेली, आणि गोजरबाई माळ्यावरच्या खिडकीतून ओरडत होत्या, "आरं जपून रं, माझ्या पोराची हाय ती!" मी मेलो असतो तर त्या बुलेटसाठी रडल्या असत्या.

पाणी गुडघ्याला आलं तेव्हा खाली एकच गाडी उरली होती. माझी. सेक्रेटरीने आपली गाडी शेवटी काढायची, हे मीच ठरवलं होतं. तेव्हा ते फार भारदस्त वाटलं होतं. नवी कोरी स्कूटर, सीटवरचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नव्हतं. पाणी तिच्या पाय ठेवायच्या जागेपर्यंत आलं होतं. मीनल आणि काका पुलावर गाड्या राखत उभे. बाकी पोरांनाही मी वरच थांबवलं होतं. माझा गुडघा सुजून टम्म. खाली उरलो मी, आणि माझ्या हातातली किल्ली धरायला आलेली ऋता.

मी हेल्मेट काढून ऋताकडे दिलं आणि स्कूटर ढकलून पाहिली. हलली नाही. पाणी एका बोटाने आणखी वर आलं.

आणि मी म्हणालो, "ऋता, तू काढ पटकन. तुझा हात बसलाय. फक्त पुलापर्यंत."

तिने किल्लीला हात लावला नाही. हेल्मेटच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. "बाबा, काय बोलतोयस?"

"दोन मिनिटं पण लागणार नाहीत."

"नाही," ती म्हणाली. "कुणीही सांगितलं तरी. तूच लिहिलंयस."

मला राग आला. खरं सांगतो, प्रचंड राग आला, आणि त्या रागात मी किल्ली लावली, स्कूटर सुरू केली आणि पाणी कापत निघालो. मागून ती ओरडत येत होती, काय ते इंजिनच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. चौकात ऋताचे ते पोलीसकाका, भगवंत हवालदार, उभे होते, त्यांनी मोबाइल माझ्याकडे रोखलेला दिसला. मला वाटलं, पुराचे फोटो काढतायत. मी किंचित हसलोसुद्धा.

पुढच्या क्षणी पुढचं चाक खाली गेलं, आणि चाकामागून मी.

सोमवारी तिथे पाइपासाठी चर खणला होता. त्याच्याभोवती लावलेली दोरी आणि पिंप पाण्याने केव्हाच नेलं होतं, वर सगळीकडे सारखंच गढूळ पाणी. मी डोक्यापर्यंत बुडालो, नाकातोंडात पाणी गेलं, पाय स्कूटरमध्ये अडकला. कसाबसा उभा राहिलो तर पाणी माझ्या छातीला लागत होतं आणि ओढ अशी, की पाय ठरेना. पाठीमागून पाण्यात धप् धप् पावलं येत होती.

"थांब!" मी किंचाळलो. आयुष्यात इतक्या मोठ्याने मी कधी ओरडलो नव्हतो. "ऋता, थांब! पुढे येऊ नकोस! चर आहे!"

ती थांबली. काठापासून दोन हातांवर.

ऋता माझ्या खांद्याला लागते. माझ्याऐवजी ती खाली आली असती तर पाणी तिच्या हनुवटीला आलं असतं, आणि ती स्कूटर तिच्यावर पडली असती. हे गणित मी त्या पाण्यात उभ्या उभ्या केलं. आयुष्यभर मी न घडलेल्या अपघातांना भीत आलो, आणि हा अपघात मी स्वतःच्या हाताने तिला देऊ केला होता, मघाशी, किल्लीसकट. मला रडू आलं. पाऊस होता म्हणून कुणाला कळलं नसेल.

भगवंत हवालदारांनी दोर टाकला आणि मला बाहेर ओढलं. स्कूटर दोन दिवसांनी निघाली. सीटवरचं प्लॅस्टिक तेवढं शाबूत होतं. हवालदारांनी मला टपरीच्या कट्ट्यावर बसवलं आणि म्हणाले, "लायसन्स?" मी पाकिटातून निथळतं लायसन्स काढून दाखवलं. ते उलटसुलट बघून त्यांनी परत दिलं. मला वाटलं, चला, निदान अब्रू तरी वाचली.

संध्याकाळी घरात सगळे हळद घातलेलं दूध पीत बसलो होतो, तेव्हा माझ्या फोनवर मेसेज आला. ई-चलान. विना हेल्मेट वाहन चालवणे. सोबत फोटो.

मीनलने फोन हातात घेतला. आधी ती हसली, मग तिने फोटो मोठा करून पाहिला आणि फोन ऋताकडे न देता माझ्याच हातात परत दिला.

दंड मी त्याच दिवशी भरला. स्कूटर काही पुन्हा सुरू झाली नाही, त्यामुळे फळीवरचा माझा खिळा रिकामाच होता. ऋताने चलानचा तो फोटो मोठा छापून आणला आणि त्या खिळ्याला अडकवला. येणारेजाणारे थांबून बघतात आणि माझ्या तोंडाकडे बोट दाखवून हसतात, कारण फोटोत मी बोडक्या डोक्याने, खड्ड्यापासून जेमतेम चार हातांवर, कॅमेऱ्याकडे बघून हसतो आहे. रोज सकाळी डबा घेऊन निघताना मीही तिथे थांबतो, पण मी स्वतःकडे बघत नाही. माझ्या मागे गुडघाभर पाण्यात ऋता धावत येते आहे, स्वतःचं हेल्मेट डोक्यावर आणि माझं वर उचललेल्या हातात. ते बघितलं की मी खिशातून मोबाइल काढून ती शाळेत पोचली का, हे विचारतो.